जपून ठेवलेला खुबा

आमच्याकडे टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. स्कूटरच्या सीटवरचं तर ती विकत घेणाऱ्यानं काढलं. आमचे हे सिन्नरच्या कारखान्यात आयुष्यभर लेथवर उभे होते; वस्तू वापरली की झिजते, हे डोक्यात पक्कं बसलेलं.

यांचा खुबा निकामी झाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नव्या सांध्याचा नमुना दाखवला. टायटॅनियमची वाटी, बाहेरून अनारशासारखी जाळीदार. धातूच्या पावडरीचे थर लेझरनं वितळवून एकावर एक चढवलेले, म्हणजे चक्क छापलेली! यांनी ती हातात फिरवून पाहिली.

"मॅडम, टायटॅनियम घासलं की लगेच ओरबाडलं जातं. आम्ही कातलंय ते."

"म्हणूनच घासायच्या जागी ते ठेवत नाही, काका. आत प्लास्टिकचं अस्तर असतं, त्यात सिरॅमिकचा गोळा फिरतो. टायटॅनियमनं फक्त हाडाशी जमवून घ्यायचं. शरीर त्याला सहसा परकं मानत नाही. या जाळीत हाड शिरतं आणि वाटी धरून ठेवतं."

ऑपरेशन छान झालं. वॉकर सुटला, काठी आली, आणि तिथंच गाडी अडली. सांगितलेला व्यायाम उरकला की हे खुर्चीत. पूर्वी आम्ही दोघं रोज सकाळी पंचवटीत भाजीला जायचो. भाव मी करायचा, पिशवी यांनी धरायची. आता म्हणायचे, "तू जाऊन ये." मी चिडायचे. "अहो, नवा खुबा काय देव्हाऱ्यात ठेवायला बसवलाय?" हे नुसते हसायचे. माझा मात्र जीव खाली-वर व्हायचा. हा माणूस असाच खुर्चीला चिकटला तर काय करायचं मी?

तपासणीला गेलो. बाईंनी मांडी दाबून पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काका, चालत नाही का? स्नायू पार सुकलेत."

"चालतो ना. पण मोजकं," हे म्हणाले. "अस्तर झिजेल."

मी कपाळावर हात मारला. अगं बाई, इथंही रिमोटचं प्लास्टिक!

"अस्तर झिजतं, पण फार सावकाश. ती काळजी माझ्यावर सोडा," बाई म्हणाल्या. "हाडावर भार आला नाही तर हाडच कमजोर होईल. मग वाटीला धरणार कोण?"

"आणि जपून ठेवताय तरी कशासाठी?" मी बाईंसमोरच विचारलं. "जायचंय कुठे तुम्हाला?"

"तुझे गुडघे कुरकुरतात," माझ्याकडे न बघता हे म्हणाले. "उद्या ते गेले की घरात चालणारं कुणीतरी हवं ना. तुला धरून न्यायला."

मला तिथंच रडू फुटलं. या माणसाला मी चिक्कू म्हणत आले!

दुसऱ्याच दिवसापासून आम्ही पुन्हा बाजारात जायला लागलो. आधी कोपऱ्यापर्यंत, मग पुलापर्यंत, मग थेट मेथीच्या जुड्यांपर्यंत. त्या बाईंचे आणि त्या छापलेल्या वाटीचे उपकार मी रोज मानते, अगदी मोठ्यानं. भाजीवालीसुद्धा हसते.

परवा बाजारातून येताना माझा गुडघा अडला. यांनी पिशवी खांद्याला लावली, मला दंडाला धरलं आणि काठी माझ्या हातात दिली. "घे, मला आता लागत नाही."

काठीच्या मुठीवरचं प्लास्टिक जसंच्या तसं होतं. मीही ते काढलेलं नाही.