सवालबाईंचा पुढचा प्रश्न

सवालबाई दोन माणसांना सारखेच प्रश्न कधी विचारत नसत. पहिल्या उत्तरावरून दुसरा प्रश्न ठरे. "जेवलीस का?" याला मी "हो" म्हटलं, की "काय?" न विचारता त्या "कुणासोबत?" विचारायच्या, आणि मी आठवडाभर दाबून ठेवलेलं सगळं सांगून मोकळी व्हायचे. आता त्या पाटोद्याला धाकट्या बहिणीकडे असतात. मी गेले की हसतात. विचारत मात्र काही नाहीत.

बाई मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. आमच्या बीडच्या समुपदेशन केंद्रासाठी त्यांनी स्वभावाची आणि स्मरणशक्तीची चाचणी मराठीत तयार केली. शेकडो लोकांच्या उत्तरांवरून कुठला प्रश्न किती अवघड, हे गणितानं ठरवलं. स्मरणशक्तीचं उत्तर बरोबर आलं की टॅबवर पुढचा प्रश्न अवघड येई, चुकलं की सोपा. गावं ठरवणं आणि माणसं जमवणं माझ्याकडे होतं.

वडवणीकडच्या धनगरवस्तीवर एका आजीनं स्वभावाच्या प्रत्येक प्रश्नाला "हाय" म्हटलं. राग येतो? हाय. राग येत नाही? तेही हाय. मी वैतागले.

"आजी, एकदा तरी न्हाई म्हणा की," बाई म्हणाल्या.

"तुमी एवढ्या उन्हातान्हाचं आलात, न्हाई कसं म्हनू?"

परतताना बाई जीपमध्ये हसत होत्या. "तिचं कुठं चुकलं? आपल्या गणितालाच पाहुणचार कळंना." हो-नाहीचे प्रश्न त्यांनी काढून टाकले. "भांडता, की गप्प बसता?" असे दोन्हीतलं एक निवडायचे प्रश्न आले.

गेल्या वर्षी माझ्याकडे येताना बाई वाट चुकल्या. नेहमीचा रस्ता. रिक्षावाल्यानं विचारत विचारत आणून सोडलं. पाणीही न घेता म्हणाल्या, "टॅब काढ. माझी चाचणी घे."

"डॉक्टरांकडे जाऊ, बाई."

"जाऊच की. पण आधी तू. मला परक्याच्या तोंडून ऐकायचं न्हाई."

प्रश्न त्यांनीच रचलेले, तरी उत्तरं निसटू लागली. मी चेहरा कोरा ठेवला होता. त्याचा उपयोग नव्हता.

"सोपे यायला लागले गं," त्या म्हणाल्या.

मी पडद्यावरचा प्रश्न सोडून आठवणीतला एक अवघड विचारला.

"हा टॅबचा न्हाई. दया करू नको. आलाय तो वाच."

मी वाचला. "आज वार कोणता?"

त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग मलाच विचारलं, "तू आज केंद्रावर गेलतीस?"

"आत्ताच आले."

"मग रविवार न्हाई. ही दप्तरवाली पोरं भरदुपारी घरी कशी?"

"सकाळची शाळा होती."

"मग शनिवार."

शनिवारच होता. माझं बोट पडद्यावर थांबलं. "काय धरू, बाई?"

"चूक. तुला विचारून सांगितलं ना."

मी चूक धरलं. पुढचा प्रश्न आला, आणि त्यांच्याकडे न बघता मी तो वाचला. "तुमचं नाव काय?"