धोंडीरामांनी सोडलेली मरळ

धोंडीराम गांगुर्डे मूळचे चांदवडकडचे. तिकडे बादलीभर पाणी दिसलं तरी माणूस खूश व्हायचा, मासा कुठला. तरी ओझरच्या विमान कारखान्यात त्यांना सगळे मासळीतले जाणकार मानत. ही कीर्ती त्यांनी स्वतःच पसरवली होती. खरं तर मासा त्यांच्या आयुष्यात लग्नानंतर आला, तोही तळलेला. बायको सगुणाबाई दारणा नदीच्या काठची. ती रांधायची आणि हे खाऊन खाऊन तज्ज्ञ झाले.

चौऱ्याण्णव साली सगुणाबाईंचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टर नीट काही सांगेनात, तेव्हा धोंडीराम तडक रामकुंडावर गेले आणि गोदामाईला म्हणाले, ही वाचली तर मी काहीतरी सोडीन. काय सोडायचं याचा मात्र त्यांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून बराच विचार केला. तंबाखू सोडली तर कारखान्यात दिवस सरायचा नाही. चहाचं तर नावच नको. शेवटी त्यांनी मरळ खायची सोडली. ती तशीही वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच ताटात पडायची. गोदामाई भोळी, तिने घासाघीस केली नाही.

सगुणाबाई हिंडू-फिरू लागल्या आणि त्याचं सगळं श्रेय धोंडीरामांनी घेऊन टाकलं. कुठेही जेवायला बसले की कुणी न विचारताच सांगत, "मी मरळ खात नाही. हिच्यासाठी सोडलीय." मनातून मात्र त्यांना भीती होती. नवस मोडला तर ही आपल्याला सोडून जाईल, असं त्यांना खरोखरच वाटे.

पुढे काही वर्षांनी नाशकात फक्त नदीतल्या माशांचं मत्स्यालय उघडलं. आता तिथे जाणकाराने गेलंच पाहिजे. एका रविवारी बायकोला घेऊन ते एसटीने निघाले.

आत गेल्यापासून त्यांच्या तोंडाला विसावा नव्हता. प्रत्येक पेटीवरची पाटी मोठ्याने वाचायची आणि वर आपली भर घालायची. वाम दिसली की "हिचा रस्सा करावा." रोहूपुढे, "याला चिंच जरा जास्त लागते." शेजारी उभं असलेलं कुटुंब हळूहळू दोन पेट्या पुढे सरकलं. सगुणाबाई मागून चालत होत्या.

कोपऱ्यातल्या मोठ्या पेटीत बारीक तांबड्या माशांचा थवा होता. तो दिसताच धोंडीरामांच्या तोंडाला पाणी सुटलं. "अगं, ही बघ आपली तांबडी मासळी." पावसाळ्यात सगुणाबाई ती तांदळाच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळत आणि धोंडीराम ताटलीच्या ताटली संपवत. मग थव्याखालचा मोठा काळसर मासा हलला. धोंडीरामांनी सवयीने पाटी वाचायला घेतली, "मरळ, पिल्लांसह. लहानपणी पिल्लांचा रंग तांबडा..." त्यांनी पाटी पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचली.

म्हणजे दर पावसाळ्यात नवस मोडत होता, आणि तोही लिंबू पिळून. एवढे मोठे जाणकार, पण ताटातलं पोर कुणाचं ते कळलं नाही. स्वतःची अशी लाज त्यांना कधीच वाटली नव्हती, आणि लाजेहून भीती मोठी होती. ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. सगुणाबाई शेजारी बसल्या तेव्हा धोंडीरामांनी त्यांचा हात घट्ट धरला. चार लोकांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"सगुणा, माझ्याकडून नवस मोडला गं. ती तांबडी मासळी म्हणजे मरळच."

"ठाऊक हाय मला. दारणाकाठची हाय मी."

"मग वाढलीस कशाला?"

"पहिल्याच पावसाळ्यात मी ती तळली नाय, तर तुम्ही पिठलं-भाकरीकडं असं बघत बसायचे, की मला लय वाईट वाटलं. मग तुम्हाला ती वाढली आन् मी सोडली."

"मरळ?"

"सगळीच मासळी. घरातल्या एकानं पाळलं म्हंजे झालं. कोण पाळतंय ते नदी थोडीच बघाया येती?"

 इतकी वर्षं धोंडीराम तिच्या समोर बसून जेवत आले होते. त्या पावसाळ्यांत तिच्या ताटात काय असायचं, ते आठवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. काही केल्या आठवेना.