पाणी न लावलेलं बी

"तिळाच्या तेलात किती मिसळलं तर कळणार नाही, एवढंच मी विचारतोय," गिरीराज म्हणाला. "ओतून टाका म्हणणं सोपं आहे. कुठं ओतायचं तेही सांग की मग."

सकाळपासून नवऱ्याशी बोलून रक्षिताचा घसा बसला होता. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं, भर दुपारी आत ट्यूबलाइट लावलेली. लाकडी घाण्यामागे भिंतीला टेकून हिरवट तेलाची दोन स्टीलची पिंपं उभी होती आणि घरातले चौघं त्यांच्याकडे न बघता भांडत होते.

चौघं म्हणजे सगुणाबाई, त्यांचा मुलगा गिरीराज, सून रक्षिता आणि सगुणाबाईंचे थोरले दीर अप्पासाहेब. अप्पासाहेबांना घाण्याचं काम होत नसे आता, पण भांडण असेल तिथे ते खुर्ची ओढून बसत.

"भांगेचं तेल काढायला निघालात तेव्हाच मी सांगितलं होतं," ते म्हणाले.

"तुम्ही पहिल्याच दिवशी चटणीवर दोन चमचे घेतलं होतं, दोड्डप्पा," गिरीराज थोरल्या काकांना म्हणाला.

"चव बघायला घेतलं."

"दुसऱ्या दिवशीपण चवच बघत होता."

एरवी सगुणाबाई हसल्या असत्या. त्या स्टुलावर बसून होत्या, हात मांडीवर. फूड इन्स्पेक्टरने मागच्या महिन्यात दुकानातून नेलेल्या बाटलीचा रिपोर्ट सकाळी आला होता. हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या, झाडात नशा आणणारा जो अंश असतो, तो तेलात अगदी नावापुरता चालतो. यांच्या तेलात तो मर्यादेच्या चौपट निघाला होता. उद्या सकाळी इन्स्पेक्टर उरलेला माल बघायला येणार होता, आणि फूड लायसन्स सगुणाबाईंच्या नावावर होतं.

गिरीराजचं म्हणणं सरळ होतं. पिंपं आज रिकामी करायची. तेल तिळाच्या मोठ्या टाकीत थोडं थोडं सोडायचं, इतकं पातळ की कुठल्याही मशीनला दिसू नये. उद्या सांगायचं, माल संपला. जुन्या बाटलीच्या रिपोर्टवर अपील करायचं, दंड झाला तर भरायचा. भरलेली पिंपं सापडली तर लायसन्स जाईल, घाणा बंद होईल. आणि त्याहून वाईट म्हणजे एखाद्याच्या डोक्यात आलं तर ही भानगड खाण्याच्या कायद्यातून गांजाच्या कायद्यात जाईल. त्यात जामीन मिळत नाही म्हणतात. आईला या वयात पोलीस स्टेशनात बसवायचं का, असं त्याने दोनदा विचारलं होतं.

रक्षिता म्हणत होती की बी आणि बियांचं तेल खायला सरकारनेच परवानगी दिली आहे, गांजा वेगळा. पण मर्यादेबाहेर गेलेलं तेल कोणत्या बाजूला पडतं, हे तिने सकाळपासून तीन वकिलांना विचारलं होतं आणि तिघांनी आधी भेटायला या, असं सांगितलं होतं.

सगुणाबाई होसकोट्याहून लग्न होऊन चामराजपेटेत आल्या तेव्हा घाणा बैल ओढायचा. नवरा गेला तेव्हा गिरीराज शाळेत होता. अप्पासाहेबांनी घाणा विकू म्हटलं, तेव्हा बाईंनी मोटर बसवली आणि स्वतः घाण्याच्या लाकडी लाटेजवळ उभ्या राहिल्या. नंतर गल्लोगल्ली डब्यातलं रिफाइंड तेल आलं, शेजारचे दोन घाणे बंद पडले. पुढे लोकांना पुन्हा लाकडी घाण्याची हौस सुटली, शहरभरातून, बनशंकरीहून, मारतहळ्ळीहून गाड्या यायला लागल्या. मधल्या सगळ्या वर्षांत बाईंनी एक गोष्ट सोडली नव्हती. बियाला पाणी लावायचं नाही. चाळायचं, पाखडायचं, उन्हात टाकायचं, पण पाणी नाही. पाणी लागलं की तेल खवटतं. तेल महिनोन्‌महिने टिकतं म्हणून तर नाव होतं.

हेम्पचं बी आणण्याची कल्पना गिरीराजची. पहाडातून पोती आली. लेबल छापणाऱ्याने सांगितलं, झाडाचं पान छापायचं नाही, तसा नियम आहे, म्हणून गिरीराजने हौसेने काढून घेतलेलं हिरवं पान पुसून टाकलं. आपण नियम पाळला असं सगळ्यांनाच वाटलं होतं. रक्षिताने मात्र पोत्यात हात घातला तेव्हा बोटांना चिकट लागलं. बियांत वाळक्या पानांचा चुरा होता. हे धुवून वाळवू या, अत्ते, असं ती सासूला म्हणाली होती. या घरात बी धूत नाहीत, असं सगुणाबाईंनी सांगितलं होतं, आणि विषय तिथे संपला होता.

आज लॅबच्या माणसाने फोनवर तेच सांगितलं. बियात काही नसतं. फुलाचा चीक सालीला लागून येतो. धुवून घ्यायला हवं होतं.

रक्षिताने हे सगळ्यांना सांगितलं, पण मी म्हटलं होतं, असं ती म्हणाली नाही. तिने तसं म्हणावं, असं सगुणाबाईंना वाटत होतं.

"टाकीचं झाकण काढतो," गिरीराज उठला.

शटरखालून वाकून एक बाई आत आली. गौरी, मारतहळ्ळीत राहणारी, मूळची पुण्याकडची. नवरा-बायको दोघं कंपनीत; महिन्यातून एकदा यायची, तिळाचं तेल न्यायची. बंद आहे का, असं विचारतच ती काउंटरशी आली आणि तिने हेम्पची मोठी बाटली मागितली.

"संपलं, मॅडम," गिरीराज म्हणाला.

तिने पिंपांकडे बघितलं. हिरवा ओघळ पिंपाच्या तोटीवर अजून ओला होता. तिला वाटलं, ते कुणासाठी राखून ठेवलंय. ती सगुणाबाईंकडे वळली आणि मावशी, थोडं तरी द्या, म्हणाली. ईराला फार मानवलंय.

"ईरा कोण?" सगुणाबाईंनी विचारलं.

"मुलगी माझी. दीड वर्षाची. खिचडीवर एक चमचा घालते, दोन्ही वेळा. आधी दुपारी डोळा मिटायची नाही हो, आता तीन-तीन तास झोपते. उठवावं लागतं."

अप्पासाहेबांनी खुर्ची मागे सरकवली.

"कधीपासून झोपते अशी?" सगुणाबाईंनी विचारलं.

गौरीने आठवून बघितलं. बाटली नेली तेव्हापासूनच बहुतेक, म्हणाली, आणि हसली. समोरचं कुणी हसलं नाही तसं तिचं हसू थांबलं.

गिरीराज घाईने पुढे झाला. तेल जरा उष्ण असतं, लहान मुलांना स्वल्प कमी द्यावं, तुम्ही तिळाचंच न्या, असं तो बोलायला लागला.

"उष्ण नाही," सगुणाबाई म्हणाल्या. "तो तुम्हाला खोटं सांगतोय. या तेलात नशेचा अंश जास्त निघालाय. पोरीला आजपासून देऊ नका. आत्ताच डॉक्टरांकडे न्या आणि काय खाल्लं ते सांगा. झोप त्यानेच लागते की नाही, मला माहीत नाही. त्यांना कळेल."

गौरीला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती ओरडली नाही. रिपोर्ट दाखवा, एवढंच म्हणाली. रक्षिताने तो काउंटरवर ठेवला. गौरीने मोबाइलने त्याचा फोटो काढला, दोनदा काढला, कारण पहिला हलला होता. मग नवऱ्याला फोन लावत ती शटरखालून बाहेर गेली. तिने तिळाचं तेलही नेलं नाही.

"झालं," गिरीराज म्हणाला. त्याच्या कानशिलावर घाम होता. "संध्याकाळपर्यंत त्यांच्या सोसायटीच्या सगळ्या ग्रुपवर जाईल. इन्स्पेक्टरची वाट बघायचीपण गरज नाही. काय मिळवलंस, आई? तेल तर सगळ्यांनाच गेलंय. कुणाला काही झालं का? एक पोर झोपतं, एवढंच. पोरं झोपतातच."

"उठवावं लागतं म्हणाली," रक्षिता म्हणाली.

अप्पासाहेब सवयीने काहीतरी बोलायला गेले. मग त्यांनी भावजयीच्या तोंडाकडे बघितलं आणि राहू दिलं.

सगुणाबाई स्टुलावरून उठल्या. गुडघे दुखत होते, काउंटरचा आधार घ्यावा लागला. तिळाच्या टाकीचं झाकण गिरीराजने अर्धं सरकवलेलं होतं. ते त्यांनी बसवलं आणि त्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"त्या पिंपांतलं थेंबभर कशातही मिसळायचं नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांना ज्यांना बाटली गेली, त्यांना आत्ता फोन करायचे. कारण सांगायचं. उष्ण-बिष्ण नाही. घरात लहान मूल आहे का, ते आधी विचारायचं. उद्या इन्स्पेक्टर आला की पिंपं त्याच्या ताब्यात. बी मी धुवू दिलं नाही, हे मी लिहून देणार. गिरी, तू मधे बोलायचं नाहीस."

"आणि घाणा?"

"घाणा आजपासून बंद," सगुणाबाई म्हणाल्या. "तुम्ही दोघांनी दुसरीकडे कामं बघा."