अण्णांच्या फ्लॉपीची खिट्टी

आज लिहितोय ते मी घरीसुद्धा कधी बोललो नाही. पाच आठवड्यांपूर्वी रामोजीअण्णा गेल्याचा फोन आला, तेव्हा वाईट वाटायच्या आधी मनात आलं, आता कुणाला कळणार नाही... त्या विचाराने अजून झोप लागत नाही.

नव्वदच्या दशकात बेंगळुरूच्या इंदिरानगरात, इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात आम्ही दोघंच मराठी. अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच, मी पुण्याहून नवा. सोळा कॉम्प्युटर, एकमेकांना न जोडलेले. व्हायरस आलाच तर एखाद-दुसऱ्या मशीनवर अडकून पडायचा. दर सोमवारी अण्णा तपासणीची एकच फ्लॉपी घेऊन सगळ्या मशीनवरून फिरत. "डॉक्टर आले," म्हणून पोरी चिडवायच्या. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिट्टी लावली की तिच्यावर काही उतरत नाही. ती सकाळी अंगठ्याने चाचपूनच ते निघत.

एका सोमवारी फेरी अर्धी टाकून ते जेवायला गेले. मित्राकडून आणून माझ्या मशीनवर उतरवलेला एक गेम मला शेजारच्या मशीनवर न्यायचा होता; मित्राची फ्लॉपी परत गेली होती, कोरी जवळ नव्हती. मी अण्णांची घेतली, खिट्टी काढली, काम झाल्यावर गेम पुसला. गेमसोबत आलेला व्हायरस फ्लॉपीवरच राहिला हे मला कळलं नाही, आणि खिट्टी लावायची राहिली. जेवून आलेले अण्णा उरलेल्या मशीनवर तीच फ्लॉपी घालत गेले.

गुरुवारी नऊ मशीन सुरूच होईनात. अण्णांनी कागदावर सोळा चौकोन काढले, कुणाची फ्लॉपी कुणाकडे जाते त्या रेघा ओढल्या. बहुतेक चौकोनांना एकच रेघ होती आणि ती त्यांच्याच टेबलाकडे येत होती.

"ह्यांचं एकमेकांकडे जाणं-येणंच नाही रे. सगळ्यांकडे जाणारा मी एकटा. मीच नेला." मग हळूच म्हणाले, "खिट्टी लावली होती असं वाटतंय... स्वल्प विसरलो असेन काय?"

मी म्हणालो, "वय होतं, अण्णा."

तपासणीचं काम त्यांच्याकडून काढून साहेबांनी मला दिलं. अण्णांनी कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणून फ्लॉपी माझ्या हातात ठेवली. त्यानंतर त्यांचा स्वतःच्या हातांवरचा विश्वासच गेला. शेवटचा त्यांच्या घरी भेटलो तेव्हा मला गेटापर्यंत पोचवायला निघालेले ते, गॅस बंद आहे का बघायला तीनदा आत गेले. त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, म्हणाल्या, "ऑफिसातल्या त्या चुकीपासून हे असंच." मी चपला घालत राहिलो.

ती फ्लॉपी माझ्या खणात आहे. ती वाचणारं मशीन आता घरात नाही, तरी खण उघडला की अंगठा खिट्टीकडे जातो.

अण्णा विसरले नव्हते. एवढं एक वाक्य अक्कांसमोर बसून बोलायचं मी देणं लागतो.