एक स्कूटर, तिसरे मालक आणि आत्याबाई: बुलढाणा ते मेहकर

मेसेज आला तेव्हा मी पाचवीच्या वह्या तपासत होते. "आनंदाची बातमी! आपली लाडकी सुसाट आता नव्या परिवारात. आपल्या प्रवासात काहीही बदलणार नाही."

सुसाट म्हणजे माझी इलेक्ट्रिक स्कूटर. नाव मी बदललंय, कारण कंपनीकडे बॅटरी नसली तरी वकील असणारच. ती घेतली तेव्हा कंपनी दोन इंजिनिअर मित्रांची होती. वर्षभरात त्यांनी ती पाण्याचे पंप बनवणाऱ्यांना विकली. तेव्हाही मेसेज आला होता की काहीही बदलणार नाही, आणि पुढच्याच महिन्यात बुलढाण्याचं शोरूम बंद होऊन तिथे साड्यांच्या फॉल-पिकोचं दुकान आलं. आता सुसाट बिस्किटवाल्यांनी घेतली. मी बिस्किटांच्या विरोधात नाही, पण त्यांचा बॅटरीशी काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही.

या वेळी मेसेजखाली बारीक अक्षरांत सूचना होती. जुन्या वॉरंटीची नोंद शनिवारपर्यंत पुन्हा करून घ्या, नाहीतर ती रद्द. वाहन आणि नोंदणीकृत मालक, दोघांनीही केंद्रात हजर राहावे. आणि आमच्या जिल्ह्यात केंद्र उरलं होतं एकच, मेहकरला.

माझी बॅटरी तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती. तीस टक्क्यांवरून थेट शून्यावर यायची. मी देऊळघाटच्या शाळेत शिकवते आणि रोज याच गाडीवर जाते. वॉरंटीत बॅटरी बदलून मिळाली नाही, तर पुन्हा काळीपिवळी जीपमध्ये चौथ्या सीटवर सातवी बाई होऊन बसणं आलं. मला ते नको होतं. अजिबात नको होतं.

आता अडचण ऐका. गाडी माझ्या नावावर नाही. नवऱ्याच्या नावावरची पहिली मोटारसायकल चोरीला गेली, दुसरी म्हशीला धडकली. सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आत्याबाईंच्या, नावावरचं शिलाई मशीन मात्र तीस वर्षं कुरकुर न करता चालतंय. म्हणून घरात ठरलं की चाक असलेली वस्तू आत्याबाईंच्याच नावावर घ्यायची. त्यामुळे कागदोपत्री सुसाटची मालकीण अडुसष्ट वर्षांची, आणि तिने आजवर हँडलला फक्त पिशवी अडकवली आहे.

"मले कायले नेऊन राह्यली?" आत्याबाईंनी विचारलं.

"मालकीण तुम्ही आहात, आत्याबाई. तुमच्याशिवाय नोंद होत नाही."

"मंग आधीच सांगाव ना, मालकीण हाय म्हून. म्या पेट्रोलचे पैसे तरी मांगले असते."

पेट्रोल लागत नाही हे मी सांगितलं नाही.

शनिवारी किरकोळ रजा टाकली आणि सकाळी साडेसहाला निघालो. जाणाऱ्यांसाठी माहिती: बुलढाण्याहून चिखली आणि चिखलीहून मेहकर, मिळून साठ-पासष्ट किलोमीटर. कंपनीच्या कागदावर गाडी एका चार्जमध्ये शंभर जाते. माझी सत्तर जायची, तीही एकटी असताना. मागे आत्याबाई आणि त्यांची डब्याची पिशवी बसल्यावर मी चाळीसच धरले. थंडी बोचरी होती. केळवदच्या पुढे दोन्ही बाजूंना तूर पिवळी झाली होती आणि सोयाबीन निघालेली वावरं रिकामी होती. आत्याबाई प्रत्येक गतिरोधकावर मला खांद्याला धरून "हळू, माय" म्हणत होत्या. रस्ता चांगला आहे, गतिरोधक मात्र गावागणिक वेगळ्या उंचीचे.

चिखलीत बसस्टँडजवळच्या हॉटेलात थांबलो. आलूबोंडा गरम आणि मिरची तिखट. मालकाने जाड प्लगची जागा दिली आणि पैसे विचारल्यावर म्हणाला, "लाईटचे काय घ्यायचे ताई, अजून दोन प्लेट घ्या." मी घेतल्या. चार्जर लावला, पण हिरवा दिवा लागेना.

मी मोबाईलच्या उजेडात चार्जिंगच्या भोकात पाहिलं. आत पिनांवर लालपिवळा थर बसला होता.

"आत्याबाई, हे काय आहे?"

"हयद-कुंकू. दर अमावस्येले लावतो. जथून गाडीत जीव जाते, तथीच लावा लागते ना?"

मी डोळे मिटून पाच आकडे मोजले. वर्गातही मोजते. मग पदराच्या टोकाने, काडेपेटीच्या काडीने, जमेल तसं ते खरवडलं. दिवा लागला. दीड तास तिथेच बसलो आणि तेवढ्या वेळात आत्याबाईंनी हॉटेलवाल्याच्या बायकोचं माहेर शोधून काढलं. तुम्ही या गाडीवर फिरणार असाल तर चार्जिंगसाठी धाबा निवडताना चवीपेक्षा खुर्च्या बघा.

लव्हाळा फाट्यानंतर आकडा पळायला लागला. बेचाळीस, अडतीस, तेहतीस. तीसवर मी श्वास रोखला. मेहकरच्या आत शिरता शिरता गाडी मेली आणि शेवटचा अर्धा किलोमीटर मी ढकलत नेली. मालकीणबाई मागून डबा घेऊन चालत होत्या.

केंद्र म्हणजे एक शटर आणि त्यावर नवीन फलक. फलकावर स्कूटरशेजारी बिस्किटाचा पुडा होता. आत भगव्या टी-शर्टमध्ये गजाननभाऊ बसले होते. मी ओळखलं. बुलढाण्याच्या शोरूममध्ये हिरव्या टी-शर्टात यांनीच मला गाडी दिली होती. मधल्या पंपवाल्यांच्या काळात निळा होता, असं त्यांनीच सांगितलं. पगार कोणत्या रंगात वाढला, हे विचारलं तर हसून पाणी आणायला गेले.

काम सुरू झालं आणि हसणं थांबलं. त्यांनी चार्जिंगचं झाकण उघडलं, टॉर्च मारला.

"मॅडम, आत लाल पदार्थ हाय. ग्राहकाचा निष्काळजीपणा. बॅटरी वॉरंटीत बसत नाही."

"मग नोंद तरी?"

"ते बी जुन्या कंपनीचं वचन हाय ना, मॅडम. नवीन मालकाले बंधनकारक नाही असं वरून सांगून राह्यले. माह्या हातात काय?"

मला काळीपिवळी दिसायला लागली. मी पावती, नियम, ग्राहक मंच असं काहीबाही बोलत होते आणि गजाननभाऊ मान हलवत होते.

आत्याबाईंनी डबा टेबलावर ठेवला.

"काऊन रे बाप्पा, तुह्या गावाकडं सामाईक विहीर हाय का?"

"हाव, मावशी. चार घरांची."

"मंग त्यातल्या एकानं वावर विकलं, अन् नवा मालक आला. तो म्हनते का, बाकीच्या तिघाइची पान्याची पाळी आता बंद?"

गजाननभाऊंनी टॉर्च खाली ठेवला. मग म्हणाले, "तसं कोनी म्हनत नाही, मावशी. पाळी विहिरीवर असते."

"मंग हे बी विहीरच हाय. तुमचे मालक येतीन अन् जातीन. सोमवारची पाळी सोमवारचीच राह्यते."

"पन कुंकू तर तुमीच टाकलं ना, मावशी?"

तेवढ्यात मला शाळेत वापरते तो आवाज सापडला. मी मोबाईल काढला आणि गाडी घेतली त्या दिवसाचा फोटो शोधला. शोरूमने स्वतःच काढून पाठवला होता, वर कंपनीचं नाव आणि अभिनंदन. नारळ, हार, आत्याबाई, आणि पुढे वाकून चार्जिंगच्या भोकात अंगठ्याने कुंकू लावणारे हिरव्या टी-शर्टातले गजाननभाऊ.

"यानंच शिकवलं," आत्याबाई म्हणाल्या. "म्हने, मावशी, इथून लक्ष्मी येते."

गजाननभाऊंनी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. कान लाल झाले होते. मग आतल्या खोलीचं दार लोटून त्यांनी वर कोणालातरी फोन लावला. बराच वेळ 'हो सर, बिस्किट नाही सर, स्कूटर सर' ऐकू येत होतं. फोन ठेवून त्यांनी पिना पुसल्या, बॅटरी तपासली आणि फॉर्मवर लिहिलं: बॅटरीत दोष, वॉरंटीत पात्र. 'बाह्य पदार्थ' या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने 'नाही' लिहिलं. आत्याबाईंनी सही करायला पाच मिनिटं घेतली आणि मला ती पाच मिनिटं फार आवडली.

गाडी तिथेच चार्जिंगला लावली आणि आम्ही बालाजीच्या दर्शनाला गेलो. काळ्या पाषाणातली मूर्ती पाहताना आत्याबाई हळूच म्हणाल्या, "देवाले बी कुंकू लावू का नको, आता मले भेव लागते." मी इतकी हसले की पुजाऱ्याने वळून पाहिलं. परतीला चिखलीत पुन्हा दीड तास, पुन्हा दोन प्लेट, आणि अंधार पडायच्या आत घरी. फिरण्याचा एकूण खर्च काळीपिवळीच्या चार फेऱ्यांएवढाही झाला नाही, पाठीचा हिशोब वेगळा.

बॅटरी वीस दिवसांनी खरंच आली, बिस्किटांचे दोन पुडे सोबत मोफत. तीस टक्क्यांवर गाडी आता तीसचीच असते. बिस्किटं नरम होती.

ज्या दिवशी बॅटरी बसली, त्या संध्याकाळी आत्याबाईंनी मला बोलावलं. "गाडी तुह्या नावावर करून घे," त्या म्हणाल्या. "ढकलत नेली तूनं अन् सही म्या केली, हे बरं नाही दिसत." लग्नाला चौदा वर्षं झाली, या घरात माझ्या नावावर रेशनकार्डावरची एक ओळ सोडली तर काही नव्हतं.

"पन रविवारच्या बाजाराची पाळी माही," त्यांनी बजावलं. "मालक बदलला म्हून ते बदलनार नाही."

कागद झाले. पुढच्या रविवारी सकाळी साडेसातला मी बाहेर आले, तर त्या दोन पिशव्या घेऊन गाडीपाशी उभ्या होत्या. हेल्मेट उलटं होतं, पण डोक्यावर होतं. कुंकू हेडलाइटला लावलं होतं.