तांबूस पाठीचे भारीट

बाळाजीच्या तोंडून "मला माहीत नाही" हे शब्द गावात कोणी ऐकले नव्हते. रोह्याच्या एका कंपनीत त्याने फिटर म्हणून उभा जन्म काढला. लांबून नुसता आवाज ऐकून तो पंपाचं बेअरिंग गेलंय की पट्टा सैल झालाय ते सांगायचा, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. माणूस बिघडतो तो असाच. पंपाचं बरोबर येतंय म्हटल्यावर तो पावसाचं, लोकांच्या गुडघ्यांचं आणि सुनेच्या बाळंतपणाचंही ठोकून सांगू लागला. डॉक्टरीणबाईंनी त्याला दवाखान्याच्या ओट्यावर बसवलं, तेव्हा कुठे ते बाळंतपण नीट पार पडलं.

रिटायर होऊन तो दिवेआगरच्या आतल्या अंगाला, आपल्या गावी आला. शेती त्याची बायको रंगू एकहाती बघत होती आणि तिला त्याची लुडबूड नको होती. मग मुलाने दिलेली दुर्बीण गळ्यात अडकवून गडी पाखरांच्या मागे लागला. दिवेआगरात होमस्टे चालवणारी प्रणाली दर जानेवारीत आसपासच्या गावांतली पाखरं मोजून घ्यायची. बाळाजीने आपण होऊन तिला आपल्या गावाची माहिती द्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी त्याने सुगरणीच्या मादीला हिमालयातला पाहुणा ठरवलं. दुसऱ्या वर्षी पहिले पाढे पंचावन्न. प्रणाली गोड हसून म्हणाली, "काका, हे राहू दे ना." ते "राहू दे" त्याच्या जिव्हारी लागलं होतं. यंदा आपलं पाखरू प्रणालीच्या यादीत धरलंच जाणार, असं त्याने चहाच्या टपरीवर चारचौघांत सांगून ठेवलं होतं. त्यामुळे आता माघार नव्हती.

आणि यंदा भात झोडून झाल्यावर मागच्या शेतात भारीट उतरले. भारीट म्हणजे चिमणीहून जरासं थोराड, थंडीत उत्तरेकडून येणारं, सांडलेला दाणा वेचणारं पाखरू. त्यातल्या दोन जाती अगदी सख्ख्या वाटाव्यात अशा. नरांचं सोपं असतं: एकाचं डोकं काळं, दुसऱ्याचं तांबडं, पोट दोघांचंही पिवळं. पण माद्या दोन्हीकडच्या सारख्याच मातकट, आणि इथल्या थव्यात नर औषधालाही नव्हता. पाखरांच्या पुस्तकात एकच खूण दिली होती: काळ्या डोक्यावाल्याच्या मादीच्या पाठीवर किंचित तांबूस झाक असते, दुसरीची पाठ राखाडी.

बाळाजी बांधावर पालथा पडून बघत राहिला. पाठ तांबूस होती. एकीची नव्हे, सगळ्यांची.

"काळं डोकं!" तो खळ्यावर येऊन ओरडला. "हातच्या कांकनाला आरसा कशाला? उद्या प्रणाली येतेय. दाखवतो तिला."

रंगू दोरीवरचे कपडे काढत होती. तिच्या लेखी शेतात उतरणारी झाडून सगळी पाखरं चिमण्याच. "कशावरून वो?"

"पाठ तांबूस हाय."

रंगूने दोरीवरचा त्याचा बनियन झटकून त्याच्यापुढे धरला. "ह्यो सकाली धुतलाय. पांढरा हाय का बगा. मंग ह्यो कंच्या डोक्याचा?"

बनियन तांबूस होता. वरच्या अंगाला चिऱ्याची खाण आहे. जांभ्याचे चिरे भरून गाड्या दिवसभर कच्च्या रस्त्याने जातात आणि तांबडी धूळ आख्ख्या शिवारावर बसते. बाळाजीने दुर्बीण लावून चौफेर बघितलं. साळुंकी तांबूस, बगळा तांबूस, शेजाऱ्यांचं पांढरं वासरू तांबूस. असल्या गावात पाठ बघून जात ठरवायची म्हणजे कठीणच.

मग तो विहिरीजवळच्या डबक्यापाशी जाऊन बसला. आंघोळ केल्यावर खरा रंग कळेल, असा हिशोब. दुपार कलली तशी एक मादी आली, पंख फडफडवून न्हाली. ओली असताना काळपट दिसली. सुकली तेव्हा उन्हात राखाडी वाटली आणि सावलीत पुन्हा तांबूस. चोच बघितली, शेपटीखालचा पिवळा रंग बघितला. जितकं जास्त बघितलं, तितकं कमी कळलं. गंमत अशी, की चिडण्याऐवजी त्याला ते बघत राहावंसं वाटत होतं. इतका वेळ एकाच पाखराकडे त्याने कधी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रणाली आली. "काका, कुठला म्हणता?"

काळं डोकं म्हणून मोकळं व्हावं, असं अगदी जिभेवर आलं. पाठी तर तांबूस दिसतच होत्या, खोडून काढणार कोण होतं? टपरीवरही मान राहिला असता. पण काल सुकणारी ती पाठ डोळ्यांपुढून हलेना.

"मना न्हाय कळत," बाळाजी म्हणाला. आणि त्याने धुळीचं, डबक्याचं सगळं सांगितलं.

प्रणालीने बराच वेळ आपली दुर्बीण लावली आणि हात टेकले. "मलाही नाही कळत, काका. भारीट, दोहोंतला एक, एवढंच धरते. पण यंदा तुमची नोंद यादीत धरते हं."

बाळाजीला हायसं वाटलं. तेवढ्यात मागून रंगू पुढे आली. ओले हात लुगड्याला पुसून तिने त्याच्या गळ्यातली दुर्बीण काढून घेतली.

"तुला गं काय झालं? चिमन्याच ना त्या?"

"आजवर तुमी बगायच्या आधी सांगून मोकले व्हायचे," ती दुर्बीण डोळ्याला लावत म्हणाली. "मंग मी कशाला बगू? आज तुमाला ठावं न्हाय, तर बगते."

तिने दुर्बीण उलटी धरली होती. बाळाजीने ती सरळ करून दिली आणि थवा बसला होता तिकडे बोट केलं.