काजळीच्या पायातली नाल

शिवपुत्र नालबंदाला रागवायला निमित्त लागत नाही, असं लोहाऱ्यात सगळेच म्हणतात. पण त्या दिवशी माकणीत त्याला आलेला राग अगदी रास्त होता.

आबारावची काजळी घोडी अंगणात तीन पायांवर उभी होती. काळीभोर, वरातीत नाचणारी. आबारावचं घर तिच्याच जिवावर चालायचं. रात्री वरातीहून आल्यावर कुणीतरी तिच्या पुढच्या डाव्या पायाची नाल उपटून नेली होती. नाल काढायची तर खुराबाहेर दुमडलेली खिळ्यांची टोकं आधी कापायची, मग पकडीनं टाचेकडून सावकाश उचलायची. या दीडशहाण्यानं सरळ टायर काढायची टॉमी घातलेली. खुराची कड ढलपीसारखी निघाली होती आणि आत लाल दिसत होतं.

आणि हे कशासाठी, तर दारावर ठोकायला. काळ्या घोड्याची नाल दारावर असली की घरात पीडा शिरत नाही म्हणे. तीही चालत्या घोड्याच्या पायातली हवी. शिवपुत्र नवी नाल फुकट देतो म्हणाला तरी लोकांना ती नको असते. मुक्या जनावराला पीडा देऊन आपली पीडा टाळणाऱ्यांची त्याला मनस्वी चीड होती.

"अण्णा, नवी ठोकता का?" आबारावनं विचारलं.

"कशात ठोकू? खिळा धरायला खूर ऱ्हायलाय का? नवा खूर वरनं वाढत खाली येईस्तोवर हिला वरात न्हाय."

"म्हंजे ही लगीनसराई गेली."

शिवपुत्रनं जखम धुतली, फडकं बांधलं आणि ढोरांच्या डॉक्टरला बोलवून धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला बजावलं. काजळीचा खूर आतल्या बाजूला पातळ, म्हणून नालेचं तिथलं एक भोक तो दरवेळी बिनखिळ्याचं सोडायचा. इतकं जपलेला पाय तो. मग अंगणात उभा राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं तो बोलला, "ज्याच्या दारावर ही नाल लागली आसंल, त्याच्या घरात पाळणा हलायचा न्हाय."

"अण्णा, असं बोलू नये."

"बोलणार. शंभरदा बोलणार."

घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. लेक वैष्णवी बाळंतपणाला आलेली, म्हणून चपला हळूच काढायची त्याला सवय लागली होती. चपला काढून मान वर केली, तर चौकटीवर नाल. घोड्याचीच, झिजलेली. सगळ्या भोकांच्या कडा खिळ्यांनी घासून चकाकत होत्या. आतल्या बाजूचं एकच भोक मातीनं बुजलेलं होतं.

बायको प्रेमाबाई बाहेर आली. त्याची नजर कुठं आहे ते तिनं पाहिलं.

"विरेशनं आणून दिली," ती म्हणाली. विरेश तिच्या बहिणीचा मुलगा, वरातीत डीजेची गाडी चालवायचा. "म्याच सांगितलं व्हतं, चालत्या घोड्याची आण म्हणून. तुम्हाला किती येळा म्हणलं, तुम्ही उलट माझ्याच अंगावर आलात. पोरीचे दोन गेले. ह्यो तरी टिकावा, म्हणून."

दिवसभर तोंडात घोळवलेल्या शिव्या शिवपुत्रच्या ओठांवर आल्या. तेवढ्यात आतून वैष्णवीनं विचारलं, "आप्पा आले का गं?"

त्यानं पिशवीतून पकड काढली, चौकटीवरची नाल उतरवली. एका भोकात अजून वाकडा खिळा अडकलेला होता आणि खिळ्याला खुराची ढलपी. ती नाल त्यानं प्रेमाबाईच्या हातावर ठेवली. ढलपीच्या कडेला वाळलेलं रक्त होतं.

"चपला घाल," तो म्हणाला.

"कुठं?"

"माकणीला. आबारावच्या अंगणात तोंडातनं एक वंगाळ बोल गेलाय माझ्या. तो मला एकट्याला माघारी घेता यायचा न्हाय."